चावडीच्या फोटोतली शेंगावाली

भूत, करणी, बाधा... असलं काही मी कधीच मानलं नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मालातली खोट शोधणं हेच दिवसभराचं काम. त्यामुळं "नजरेचा घोळ असेल" असं कृपया म्हणू नका. ते मी स्वतःला पुष्कळ वेळा म्हणून बघितलंय.

मूळ गाव वैराग. गावच्या जुन्या फोटोंचं फेसबुक पेज चालवतो. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका वारलेल्या फोटोग्राफरच्या पत्नीनं, शांताकाकूंनी, पाकीटभर फोटो विश्वासानं माझ्या हाती दिले. त्यात चावडीचा एक होता... आता पाडलेल्या चावडीचा. दगडी कमान, तिच्यावर कोरलेली फुलं, सुंदर! फक्त कमानीच्या पायाशी एक बाई शेंगांची पाटी घेऊन बसलेली, आणि तिच्यामुळं थोडं कोरीवकाम झाकलेलं.

फोटो स्कॅन केला, मोबाईलवरच्या ॲपमध्ये तिच्यावरून बोट फिरवलं. दोन सेकंदांत बाई गेली, तिच्या जागी ॲपनं दगड भरले. मूळ स्कॅनवरच ते सेव्ह केलं आणि पोस्टच्या कोपऱ्यात माझं नाव टाकलं. फोटोग्राफरचं नाही - हेही आता सांगून टाकतो.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, सोलापूरच्या माझ्या घरी एक म्हातारे गृहस्थ पत्ता विचारत आले.

"मी वैरागचा निवृत्ती. चावडीचा फोटू तुमच्याकडं हाय म्हनं?"

"आहे की. बसा आबा."

"त्यात माजी आई हाय. तितं शेंगा इकायची. तिचा त्यो एकच फोटू. पयलं फोटूवाल्याच्या दुकानात काचंमागं लावलेला असायचा, येता-जाता बगायचो. परवा सुनंनं मोबाईलवर दावला, तर त्यात आईच न्हाय."

मला ओशाळल्यासारखं झालं, पण म्हटलं, मूळ फोटो तर सुरक्षित आहे! कपाटातून पाकीट काढलं. स्कॅन केल्यापासून ते उघडलंही नव्हतं.

फोटो बाहेर काढला...

कमानीच्या पायाशी नुसते दगड. बाई नाही, पाटी नाही. दुमडलेला कोपरा तोच, मागचा दुकानाचा शिक्का तोच. नखानं घासून बघितलं - कुठं खरवडल्याची खूण नाही.

आबा हात पुढं करून उभे होते. आणि मी... मी म्हणालो, "आबा, यात कुणी नव्हतंच. तो दुसरा फोटो असेल."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

"आसंल. वय झालं आता. माजंच चुकलं आसंल."

फोटो दोन्ही हातांनी मला परत दिला आणि पाणीसुद्धा न घेता निघाले.

ते गेल्यावर शांताकाकूंना फोन लावला. "काकू, चावडीच्या त्या फोटोत कोण होतं हो?"

"शेंगावाली की! ह्यांनी मुद्दाम तिला तितं बसवलं होतं. म्हणायचे, नुसत्या दगडांचा फोटू काय काढायचा."

निगेटिव्हचं विचारलं, तर ती कधीच गेली होती.

पुढचा आठवडा कामात लक्ष लागलं नाही. रविवारी सरळ वैराग गाठलं. आबा ओसरीवर बसले होते. ॲप, माझं नाव, माझं खोटं... सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आई व्हती त्यात."

"होती आबा."

"तुमी बगितली? मोबाईलवर मोठी करून?"

"होय."

ते सरकून माझ्याजवळ आले. "मग सांगा की, कशी दिसायची? मला तिचा तोंडवळाच आठवंना झालाय. लई वर्षं झाली."

मी डोळे मिटून आठवायला लागलो. कमानीवरची फुलं आठवली. दगडांचे सांधे आठवले. पाटीसुद्धा आठवली. चेहरा... तो मी बघितलाच नव्हता. मला ती फक्त मधे येत होती.

कागदावरचा माणूस असा कसा जातो, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर जरूर सांगा. पण त्या दिवशी आबा माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते, आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं.