खिडकीजवळची कुपी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली घासाघीससुद्धा सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कल्पनाला ओळखत नाही.

ओळखत असतात, तर तिच्यावर जीव जडला असता. चांदवडची, मोकळी, हसली की अख्ख्या मजल्याला कळायचं. नाशिकच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी पीएचडी करत होतो. टेबल एक, डबा एक, आणि ॲप्रन दोन असले तरी कुणाचा कुठला हे आम्हालाच माहीत नसायचं.

विषय होता यकृतातलं एक एन्झाइम. ते नमुन्यात आहे का, हे शोधायला सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी लागायची. बोटाच्या पेराएवढी कुपी, बर्फाच्या डब्यातून यायची, महाग. एन्झाइम सापडलं की कागदासारख्या पडद्यावर काळी पट्टी उमटायची. त्या पट्टीसाठी आम्ही जगायचो. आणि गंमत बघा — सगळी विज्ञान शिकलेली माणसं, पण पट्टी उमटली नाही की म्हणणार, हिच्या हाताला यश नाही.

माझं काम मे महिन्यात संपत आलं होतं. एका शनिवारी मी कुपी वापरली, आणि मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी मनमाडला जायच्या घाईत — द्वारका चौकातून गाडी पकडायची होती — ती खिडकीजवळ विसरले. सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले. कुपी उन्हात, आतलं गढूळ झालेलं. काय केलं मी? पुसली आणि फ्रीझरमध्ये जागेवर ठेवून दिली.

पण विसरणं कुणाच्याही हातून होतं. मला सांगायचंय ते वेगळंच.

त्यानंतर कल्पनाचं काम सुरू झालं. पडदा कोरा. पुन्हा केलं, पुन्हा कोरा. तिचं हसणं कमी झालं, डबा अर्धा परत जायला लागला. आमचे गाइड सर म्हणाले, नवी कुपी मागवू, पण आधी मला म्हणाले, "तू एकदा करून दाखव हिला."

इथे — जरा थांबते. आमच्याकडे कुपीतून थेंबभर घेऊन पातळ केलेली अँटिबॉडी एकदा वापरून ओतून देत नसत. फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वापरत. माझी तशी एक नळी होती, त्या शनिवारच्या आधीची. कल्पना चहा आणायला गेली, माझ्यासाठीच, आणि तेवढ्यात मी फ्रीझरमधल्या कुपीऐवजी ती नळी वापरली.

पट्टी आली, काळीभोर. कल्पनाने टाळ्या वाजवल्या हो! मग स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाली, "कुपीत काय खोट नाय गं. माझ्याच हाताला यश नाय."

नव्या कुपीचा विषय तिथेच मिटला. पुढच्या वर्षी तिने पीएचडी सोडली.

मला भीती कशाची होती? सरांच्या रागाची? की ‘हिचा हात चांगला’ हे ऐकायची चटक लागली होती? दुसरं कारणच असावं. ते जास्त वाईट आहे, म्हणून तेच असावं.

आता ती चांदवडच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं तिच्यावर जीव टाकतात. प्रयोग मात्र ती स्वतः करून दाखवत नाही, मुलांकडूनच करून घेते. मला फोन केल्याशिवाय तिचा रविवार जात नाही, आणि खरं सांगू? माझाही जात नाही.

दर उन्हाळ्यात ती कैऱ्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे येते. यंदाही आली. कैऱ्या तिनेच फोडल्या, मोहरी तिनेच कुटली, फोडणी तिनेच केली. सगळं झाल्यावर परात माझ्याकडे सरकवली.

"तू कालव. माझ्या हातचं नासतं. तुझा हात लय चांगला हे."

मी बांगड्या मागे सारल्या आणि लोणचं कालवलं.