न शिवलेला कोट

सकाळचा चहा आमच्या घरी दोनदा होतो. पहिला नवऱ्यासाठी, घाईचा. तो टॅक्सी घेऊन बाजाराच्या नाक्यावर गेला की दुसरा, माझा. पण तो मला एकटीला कधी मिळालेला नाही. किटली चढेपर्यंत सोनुनबूबू एजे मागच्या दाराने येऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेली असते. ती आमच्याच अंगणातल्या मागच्या खोलीत राहते. वयाने माझ्या आईएवढी, पण मोठी बहीण मानून मी तिला एजे म्हणते. तिच्या खोलीत नेट पोचत नाही, माझ्या स्वयंपाकघरात पोचतं, एवढं साधं कारण. मी रात्रीच्या दुधावरची साय काढत असते आणि ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून फोनवर बोट सरकवत असते. खोऱ्यातली बातम्यांची सगळी चॅनेलं ती बघते. लग्नं, मेंढ्यांचे भाव, पुढाऱ्यांची भांडणं, सगळं सरकवून टाकते. मरणाच्या बातमीवर बोट थांबतं.

"एजे, आधी चहा घ्या. मढी काही पळून जात नाहीत," मी म्हणते.

"चहा तरी कुठे जातोय," ती म्हणते आणि वाचत राहते.

त्या दिवशीही असंच चाललं होतं आणि पुढचं दार वाजलं. आमच्या या डोंगरातल्या नारीन गावात ओळखीचं माणूस फाटकापासूनच हाक मारत येतं. दार ठोठावतो तो एक तर विजेचा मीटर बघायला आलेला असतो, नाहीतर भांडायला.

दारात उंच पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा होता आणि त्याच्या मागे पन्नाशीची एक बाई. बाईच्या बुटांवर वरच्या खोऱ्यातला लाल चिखल वाळला होता. सलाम नाही, खुशाली नाही. म्हाताऱ्याने विचारलं, दुसऱ्यांच्या मढ्यांवर रडणारी ती म्हातारी इथेच राहते का. मी उत्तर देण्याआधीच त्याला माझ्या खांद्यावरून ती दिसली आणि तो बूट काढून सरळ आत आला.

भांडायला आलेला असो नाहीतर कोणी असो, दारातल्या माणसापुढे नान धरायचा आणि त्याने तुकडा तोंडात टाकायचा, हे आमच्याकडे चुकत नाही. म्हाताऱ्याने चिमूटभर तोडला. बाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. नानकडे पाठ फिरवणारं माणूस माझ्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं. मी नान तसाच टेबलावर ठेवला.

म्हातारा असानाली, आणि ती त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, काइरीन्सा. "एर्निसची आई," तो म्हणाला आणि एजेचं बोट फोनवरच राहिलं. मलाही सगळं लक्षात आलं.

रशियात एका गोदामाला आग लागली होती. आमच्या खोऱ्यातली बरीच पोरं तिथे कामाला. चॅनेलने मेलेल्यांची नावं गावासकट दिली, त्यात काइरीन्साचा मुलगा एर्निस होता. एजेने त्याच दिवशी त्याच्यावर कोशोक, म्हणजे मयतीत म्हणायचं विलापगीत, रचला, एका बोटाने लिहिला, मग फोनपुढे म्हटला आणि बातमीच्याच खाली टाकून दिला. खोरंभर तो फिरला. आणि एर्निस जिवंत होता. पाळी बदलून घेतल्यामुळे तो त्या वेळी गोदामात नव्हताच. चॅनेलने मग गुपचूप नाव काढून टाकलं. कोशोक मात्र कोणाला काढता येईना. एजेने आपला पुसला, पण तोवर तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसला होता.

हे करणारी बाई कोण, ते सांगायला हवं, नाहीतर नुसता राग येईल. राग मलाही येतो.

सोनुनबूबूचं माहेर वर, कुरणांच्या कडेला. तिची मावशी कोशोक म्हणायची. कोणाच्या घरी माणूस गेलं की मावशीला घोड्यावर बसवून नेत. ती दाराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि गेलेल्याच्या बायकोच्या, आईच्या तोंडून जे निघत नसे ते म्हणायची. सोनुनबूबू तिच्या मांडीला मांडी लावून बसून शिकली. तिचा नवरा उताराला ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा तिने स्वतःच त्याच्यावर म्हटलं. बाहेर काठ्यांवर रेलून रडणारे पुरुष रडायचे थांबले आणि ऐकत राहिले, असं लोक सांगतात. त्यानंतर तिला बोलावणी येऊ लागली. कॉलेजात असताना मी माझ्या काकीच्या मयतीला तिला ऐकलं आहे. काकी तापट होती, ती ते लपवत नव्हती. तापटपणासकट तिने काकीला अशी समोर उभी केली की मला काकी पहिल्यांदाच आवडली.

मग वारं बदललं. मोठ्याने रडलं तर मेलेल्याला त्रास होतो, असं मशिदीत सांगू लागले. शेवटच्या घरी तर यजमानाचा मुलगाच मधे उभा राहिला: "आपा, बस करा. चहा घ्या आणि जा." ती चहा न घेता आली. त्यानंतर बोलावणं नाही. मॉस्कोतल्या मुलीने फोन पाठवला, नातवंडं बघायला म्हणून. नातवंडं दिसली तशी बातम्याही दिसल्या. घाटात कडा कोसळला, बस नदीत गेली, परदेशातून कोणी बंद पेटीत आलं. "यांच्यासाठी भिंतीकडे तोंड करून कोणी बसलं असेल का गं?" तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, एजे, ते त्यांच्या घरचे बघतील. तिने काही ऐकलं नाही. बातमीत नाव, गाव आणि वय एवढंच असतं. बाकीचं ती घालते. घोड्याचा रंग घालते, अंगणातलं सफरचंदाचं झाड घालते, आईने बांधून दिलेली शिदोरी घालते.

आमच्या गल्लीत तिच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. दुकानवाली तिला लांबून बघून म्हणते, आज कोणाचं मढं आणलंस. गरोदर सुना तिला बघितलं की गल्ली बदलतात. फोनवरही लोक काय काय लिहितात. एकाने लिहिलं, म्हातारे, तुझा नंबर कधी? ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, विचारलंय ते बरोबरच आहे.

तर असानाली बोलायला लागला. तो बसला नाही. वयाने बरोबरीच्या, परक्या बाईला तो 'तू' म्हणत होता, आणि तेही मुद्दाम.

त्याचं म्हणणं असं. मरणाची बातमी आईच्या कानावर घालायची एक रीत आहे. जाणती माणसं जमतात, येऊन बसतात, पाणी मागतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि आईला हळूहळू कळतं की ही माणसं उगीच आलेली नाहीत. त्यानंतर विलाप. इथे काइरीन्सा गावच्या दुकानात लोकर घालायला गेलेली, आणि दुकानदारणीच्या फोनमधून एक बाई तिच्याच मुलाला 'माझ्या एर्निस' म्हणून हाका मारून रडतेय. ती तिथेच पडली. गावाला वाटलं, कोशोक झाला म्हणजे घराला कळवून झालं. बाया केस सोडून आल्या, पुरुष लांबूनच ओरडत, रडत आले. मयतीच्या जेवणासाठी असानालीने घोडी कापली. मांस शिजत असताना पोराचा फोन आला: काका, सगळे का रडताय?

"ते मांस मग लोकांनी खाल्लं," असानाली म्हणाला, "आणि जाताना माझा हात धरून उभे राहिले. काय बोलायचं ते एकालाही कळेना. सांत्वन करायचं, का अभिनंदन?"

मला हसू आलं आणि मी ते किटलीकडे वळून गिळलं.

एजे म्हणाली की चॅनेलवर आलं म्हणजे घराला कळलं असणार, असं तिला वाटलं. पूर्वी तिला बोलवायला यायचे तेव्हा घराला आधीच कळलेलं असायचं. चूक झाली, असं ती सरळ म्हणाली. तिने मान खाली घातली नाही, आणि असानालीला तेच खुपलं.

"चूक? जिवंत माणसाला तू मातीत घातलंस. ते मरण आता त्याला चिकटलंय."

"मी ज्याला चुकून घातलं तो उठून फोन करतोय, बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं मानाने एजे म्हणाली. "त्या बातमीतली बाकीची नावं खरी होती. त्यांच्यासाठी तुमच्या गावात कोणी घोडी कापली का?"

किटलीचं झाकण वाजत होतं, मी गॅस बंद केला.

आणि मग ती बाई बोलली. दारात आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिने कोशोकच्या दोन ओळी म्हटल्या, चाल न लावता, सामानाची यादी वाचावी तशा:

"कोट मीच शिवला रे, अस्तर मेंढीचं लावलं,
थंडीला मी अडवलं, आगीला नाही अडवलं."

"हे तू लिहिलंस?"

"मी."

"मी कोट शिवलेला नाही." काइरीन्साचे हात अजून पाठीमागेच होते. "तो जाऊ नये म्हणून मी भांडले. गाडी आली तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसले, फाटकापर्यंत आले नाही. तो चुलतभावाचं जाकीट घालून गेला, बाह्या अर्ध्या हातात. आणि आता सगळं खोरं येऊन मला सांगतंय, काइरीन्सा, काय गं तुझा जीव, पोराला कोट शिवून दिलास. पोराने पण ऐकलं. मला विचारलं, आई, कुठला कोट? मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून उचललेला नाही."

असानालीने तिच्याकडे पाहिलं. हे त्यालाही नवीन होतं, हे मला दिसलं. तो घोडीसाठी आला होता. ती कशासाठी आली ते तिने त्याला सांगितलं नव्हतं.

"माझ्या तोंडी दुसऱ्या बाईची माया घातलीस तू," ती म्हणाली. "मी तशी नाही. आता मी काय करू ते सांग."

कोशोक परत घ्यायची रीत आमच्याकडे नाही. कधी गरजच पडली नव्हती. एजेने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी तिच्यापुढे चहा सरकवला, तिने तो काइरीन्सापुढे सरकवला, काइरीन्साने तो तिथेच राहू दिला.

असानालीने घसा खाकरला आणि ज्याकरता आला होता ते काढलं. नानवर हात ठेव आणि शपथ घे, तो म्हणाला, की यापुढे कोणावरही, ओळखीच्या नाही की परक्या नाही, कोशोक रचणार नाहीस. लिहिणार नाहीस, म्हणणार नाहीस. शपथ घेतली नाहीस तर वडीलधाऱ्यांपुढे जाईन, आणि तुझ्या मयतीला या खोऱ्यातला एक पुरुष खांदा द्यायला येणार नाही. त्याने टेबलावरचा नान तिच्यापुढे ढकलला, बोटाने, मांजराला ढकलावं तसा.

नानवरची शपथ मोडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. एजेने ती घेतली तर उद्या सकाळी माझ्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसून ती कशासाठी बोट सरकवणार? मला ती मढी नको होती, खरंच नको होती. तरी मी असानालीला म्हटलं, "बाइके, नान माझा आहे. माझ्या नानवर कोणी जबरदस्तीने हात ठेवणार नाही."

"तू मधे पडू नकोस, पोरी. तुझ्या छपराखाली हे चालतं, तुझाही वाटा आहेच त्यात."

"असू दे," मी म्हटलं.

एजेने मला हाताने थांबवलं. तिने नान सुलटा केला. ढकलताना तो उलटा पडला होता आणि उलटा नान तिला बघवत नाही. मग त्याच्यावर पंजा ठेवला. हाताला पीठ लागल्यासारखे पांढरे डाग आहेत तिच्या, वयाचे. असानाली पुढे झुकला.

"घेते," ती म्हणाली. "त्याआधी एकच मागायचंय. तुमच्याकडे नाही, बाइके. हिच्याकडे."

काइरीन्साने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"इतक्या माणसांवर मी रडले, एकाचाही आवाज ऐकलेला नाही. बातमीत आवाज नसतो. हा एकच उरलाय, ज्याचा ऐकता येईल." तिने आपला फोन टेबलावरून काइरीन्साकडे सरकवला. "पोराला फोन लाव. मला त्याचा आवाज ऐकू दे."