आधी डोया, मंग हात

पडद्यावर प्रेत पडलेलं असायचं आणि एखादा शिपाई त्याच्या खिशात हात घालायला वाकायचा. तेवढ्यात आतून, चुलीपासून, कस्तुरामावशीचा आवाज यायचा, "हात नको लावू रे मेल्या! आधी डोया, मंग हात!" खानदेशात ळ चा य होतो, म्हणून डोळा झाला डोया. समोर ताटावर बसलेले वीसेक लूम-कामगार हसायचे. मावशीला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. तिच्या मते त्या शिपायाने पुरावा बिघडवला होता आणि त्याला त्याच भागात कामावरून काढायला हवं होतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. सुरतेच्या गोडादऱ्यात माझं साडीला फॉल-पिको करायचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून मावशीची खानावळ. ती शिरपूरकडची, विधवा, आवाजाने आणि अंगाने दणकट. गिऱ्हाइकं बहुतेक खानदेशातली, पॉवरलूमवर बारा-बारा तास उभी राहणारी. तिने जुना रंगीत टीव्ही घेतला, केबल जोडली आणि आठवड्यातून एका संध्याकाळी ती तपासाची मालिका सगळ्यांना सक्तीने दाखवायला सुरुवात केली. त्यात पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर एका केसावरून, बुटाला लागलेल्या मातीवरून खुनी शोधायचा. मावशी त्याला 'आपला डॉक्टर' म्हणायची. जाहिरात लागली की भाकऱ्या वाढायच्या, संपली की कोणी मीठही मागायचं नाही. हा नियम मलासुद्धा लागू होता.

एकदा बरणीतलं लोणचं कमी व्हायला लागलं. मावशीने तेलकट बरणीवर ज्वारीचं पीठ भुरभुरलं, फुंकर मारली आणि सगळ्यांचे अंगठे तपासले. बरणीवरच्या ठशात आडवी चीर होती. तशी चीर एकाच्याच अंगठ्यावर होती, भिकाच्या. तो तिच्याच गावाकडचा, नुकतं लग्न झालेला. बायको सुनंदाला घेऊन मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा.

"मावशी, पोटाला हवं होतं म्हणून नाही, जिभेला राहवलं नाही म्हणून खाल्लं," तो म्हणाला.

"आठ दिवस ताक बंद," मावशीने निकाल दिला. दुसऱ्या दिवशी सर्वांत भरलेला पेला त्याच्यापुढे होता.

हाच भिका जेवताना दोनदा म्हणाला होता, "मशीन चटका मारस, मावशी. शेठले सांगं, तर म्हणस चप्पल घाल." मी तेव्हा डबा घ्यायला आले होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून लिहिते.

एका दुपारी भिका मावशीकडे फौजदारी वरण, म्हणजे खानदेशातलं झणझणीत डाळीचं वरण, आणि भाकरी खाऊन पाळीवर परत गेला आणि तासाभरात मशीनला चिकटून मेला.

पुढे जे झालं त्याचा राग मला आजही येतो, आणि तो कमी करायची माझी इच्छा नाही. कारखान्यातले कामगार घाबरले. मशीनने माणूस घेतला, आता ती दुसरा मागेल, असं कोणीतरी म्हणालं. पूजा करून घ्यायला शेठने लगेच होकार दिला. बादल्या आल्या, फरशी धुतली, मशीन पुसली. गोकुळ मुकादमाने हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. विजेच्या ज्या पेटीतून चटका बसला ती शेठच्या वायरमनने "आता धोका नको" म्हणून बदलून टाकली आणि जुनी भंगारात गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा ती मशीन नव्या नवरीसारखी सजली होती. मग शेठने सांगितलं, पोरगा पिऊन आला होता. मुकादमाने मान डोलावली.

गुजरातेत दारूबंदी. पिऊन आला म्हणजे मेला तोच गुन्हेगार. मुकादमाने बाकीच्यांना बाजूला घेऊन समजावलं, "तोंड उघडशाल तर पोलीस विचारतील दारू कोठून आणतस. मंग अर्धा कारखाना आत." झालं. सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या. सुनंदाच्या कानावर आलं ते एवढंच, की नवरा दारुडा होता आणि स्वतःच्या कर्माने गेला. भरपाईचं नाव कोणी काढलं नाही. तिला त्याचंही काही वाटेना. ती एकच वाक्य म्हणत राहिली, "मावशी, ते घेत नव्हते हो. तुम्ही तरी सांगा."

मावशी पिठाच्या हातांनीच कारखान्यात गेली. मी मागून गेले. हार घातलेली मशीन तिने वरपासून खालपर्यंत बघितली. मग तिचा आवाज सगळ्या मशिनींवरून गेला.

"तुम्ही नारय नही फोडला रे, पुरावा फोडला!"

"मावशी, देवाचं काम आहे, त्यात बोलू नये," मुकादम म्हणाला.

"देवाले सांग, तार बघायला आली होती कस्तुरा. ती तूच कुंकू फासून झाकली, हेही सांग."

तिला वाईट याचं वाटत होतं की पाणी ओतणारे हात भिकाच्या मित्रांचे होते. शेठने फक्त बादल्या पुरवल्या. तिच्याच पंगतीत बसून दर आठवड्याला 'आपला डॉक्टर' बघणारी माणसं ही! एकालासुद्धा 'आधी डोया' आठवलं नाही. गावी घरात माणूस गेला की जमीन धुवायची, ही सवय हातात होती. डोळ्यांनी बघायची सवय कोणाला नव्हती.

मग आमच्या चौकीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला गुजराती नीट येत होतं, म्हणून मी सोबत. मी दर वेळी काय विचारायचं ते क्रमाने ठरवून जायची: पेटी कुठे, वायरमन कोण, प्रेताच्या पोटाच्या तपासणीचा अहवाल कधी. साहेब पहिल्या दोन प्रश्नांना खांदे उडवायचे आणि तिसऱ्याला हसायचे.

"मासी, टीवी बहु जुओ छो ने?"

"बघते. तुम्ही पण बघा, साहेब, थोडं कामाला येईल," मावशी म्हणायची. "त्याच्या पोटात दारू होती का मनं, माझ्या हातचं, वरण, एवढंच सांगा. फौजदारी वरण खाई गया तो. तुमच्याच खात्याचं नाव आहे त्याला."

साहेब एकटे हसले. आम्ही दोघी नाही.

त्या आठवड्याच्या भागात रंगाच्या एका कपचीवरून 'आपल्या डॉक्टर'ने खुनी पकडला. मावशी उठली आणि टीव्हीचं बटण खटकन बंद केलं. "तासाभरात! जाहिराती धरून!" ती पडद्यालाच म्हणाली. "ये ना माझ्या गल्लीत. ये, मेल्या." त्यानंतर मालिका बंद. कामगार कुरकुरले, दोघे-तिघे दुसरीकडे बघायला जाऊ लागले. सुनंदा तोवर मावशीकडे भाकऱ्या थापायला बसू लागली होती, पंगतीकडे पाठ करून. आणि गोकुळ मुकादम? तो रोज त्याच पंगतीत जेवत होता. मी मावशीला विचारलं, "याला कशाला वाढता?" ती म्हणाली, "उपाशी माणूस खोटं बोलतो, ते समजू शकते. भरल्या पोटी किती दिवस बोलतो, ते बघते."

पावसाळा येऊन गेला तेव्हा कुठे साहेबांनी आम्हाला एका दुपारी सांगितलं, बसायलाही न सांगता, "दारू नहोती नीकळी."

"आणि वायर?" मी विचारलं.

"वायर तो नवी छे, बेन. मशीन चोख्खी छे. हवे शुं जोवानुं?" आता काय बघायचं, म्हणे.

बघण्यासारखं सगळं आमच्याच माणसांनी धुऊन टाकलं होतं. शेठ सुटला. राहिलं होतं फक्त भिकाचं नाव.

त्याच आठवड्यात मालिकेच्या त्या पर्वाचा शेवटचा भाग होता. बरेच आठवडे चाललेल्या एका खुनाचा उलगडा व्हायचा होता. त्या संध्याकाळी खानावळ गच्च भरली; मावशीचा राग निवला असेल, अशी सगळ्यांना आशा. मावशीने भिंतीतून टीव्हीचा प्लग उपटला आणि वायर हाताला गुंडाळून मधोमध उभी राहिली.

"चौकीतून आलो आम्ही. दारू निघाली नाही. आता गोकुळ सांगेल, मग टीव्ही लागेल."

मुकादमाने भाकरीचा तुकडा मोडला. "जाऊ दे ना मावशी, गेला बिचारा."

"बिचारा का दारुडा? एक ठरव."

"अरे बोल ना गोकुळभाऊ, सुरू व्हईल ना!" मागून कोणीतरी म्हणालं. ज्यांना भिकासाठी तोंड उघडता आलं नव्हतं, त्यांना मालिकेसाठी उघडता आलं. मला तेव्हा किळस आली. मावशीने मात्र तेही वापरून घेतलं.

"पिलेला नव्हता," मुकादम ताटात बघत म्हणाला.

"कोण?"

"भिका."

"चुलीपर्यंत ऐकू आलं नाही."

"भिका पिलेला नव्हता! मशीन चटके मारत होती! शेठने सांगितलं तसं बोललो मी!"

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सुनंदा उठली, भाकऱ्यांची टोपली घेऊन पहिल्यांदा पंगतीत आली आणि एकेकाला वाढत गेली. मुकादमाचं ताट ओलांडून पुढे गेली. तो मावशीकडे बघायला लागला.

"मी काय करू?" मावशी म्हणाली. "वाढणारीची मर्जी." आणि तिने प्लग लावला. तो भाग तिने स्वतः बघितला नाही. खुनी कोण निघाला, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं आणि तिने कधी विचारलंही नाही.

मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. सुनंदा गावी परतली. माझ्या दुकानात आता मोटरवर चालणाऱ्या मशिनी आहेत. दर खंडेनवमीला शेजारचे हार-नारळ घेऊन सकाळपासून तयार असतात आणि मी आधी वायरमनला बोलावते. प्रत्येक पेटी उघडायला लावते, प्रत्येक जोड स्वतः बघते. नारळ बाजूला थांबतो, दुकानात काम करणाऱ्या मुली खोळंबतात, वायरमन वैतागतो.

"बेन, पूजा पतवी दो ने पहेलां. जोवानुं पछी जोईशुं," तो यंदाही म्हणाला. पूजा उरकून घ्या, बघायचं नंतर बघू.

"नाही," मी म्हटलं. "कुंकू लागलं की खालचं दिसत नाही."