निघणारं चाक

काशीच्या रामघाटावरच्या मराठी घरांत प्रल्हादची ओळख दोन गोष्टींनी होती. पिढीजात भिक्षुकी सोडून तो लहरताऱ्याच्या शेडमध्ये गाड्यांत हवे ते बदल करून देत असे, आणि राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असे. तो राग फुकटचा नव्हता. लोक येत, मोबाइलवर चित्र दाखवत आणि म्हणत, असं निघणारं स्टिअरिंग हवं. कशाला हवं? तर मित्रांपुढं मिरवायला. चांगली एअरबॅग काढून तिथं शोभेचं चाक मागणाऱ्याला तो दारातूनच हाकलत असे. जीव काय उसना आणलाय का, असं तोंडावर विचारत असे.

कुणालची गोष्ट वेगळी होती. शेजारच्या विद्युल्लतावहिनींचा हा मुलगा खरोखरच गाड्यांच्या रॅली-शर्यतीत उतरायचा. त्याच्या जुन्या जिप्सीत एअरबॅग मुळातच नव्हती. आत लोखंडी पिंजरा आणि खोल सीट, त्यामुळं चाक काढल्याशिवाय आत बसताच येईना. प्रल्हादनं ते काम जीव ओतून केलं. जुनं चाक उतरवलं, स्टिअरिंगच्या दांड्याच्या दात्यांवर नवा हब, म्हणजे चाक अडकवायचा तुकडा, बसवला, नट हवा तेवढाच आवळला. मग कुणालला सीटवर बसवून शिकवलं. हबवरचं कडं मागं ओढायचं, चाक आत सरकवायचं, कडं सोडायचं. ते आपणहून पुढं येतं आणि टक वाजतं.

"टक वाजलं तरी भरोसा ठेवायचा नाही," प्रल्हाद म्हणाला. "चाक दोन्ही हातांनी छातीकडं ओढायचं. नाही निघालं, तरच चावी फिरवायची. हर बार."

"जी काका, हर बार," कुणाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा होती. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ती मैदागिनला रस्त्याकडेला झाली. पूजा सांगायला होता प्रल्हादचा थोरला भाऊ दत्तात्रेय. आणि संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"चाक पोराच्या हातात आलं, भावजी. गाडी मैदागिनच्याच खांबावर गेली. कपाळाला टाके पडलेत." मग त्यांचा आवाज चढला. "भिक्षुकाच्या हाती पाना दिला की दुसरं काय व्हायचं."

हे वाक्य रात्रीत घरोघरी पोचलं. सकाळी शेडमध्ये लावलेल्या दोन गाड्या मालक काम न करवताच घेऊन गेले. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव एका रात्रीत धुळीला मिळालं, आणि कुणी साधं विचारलंसुद्धा नाही की बाबा, झालं काय. प्रल्हादच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच मैदागिनला गेला.

जिप्सी खांबाला टेकून उभी होती. त्यानं आत वाकून पाहिलं. नट घट्ट होता, स्क्रू जागच्या जागी होते. फक्त कड्याच्या पुढं बोट अडखळलं. काळ्या हबवर काळा दोरा, चांगला जाड, वेढ्यावर वेढे घेतलेला. काळभैरवाचा गंडा. त्यामुळं कडं पुरतं पुढं आलंच नव्हतं. गाठ दुहेरी होती, वडिलांनी दोघा भावांना शिकवलेली.

त्यानं फोन करून सगळ्यांना तिथंच बोलावलं. दत्तात्रेय आला, डोक्याला पट्टी बांधलेला कुणाल आला, वहिनी आल्या. बघ्यांना तर बोलवावं लागत नाही.

"दादा, हा तू बांधलास?"

"मीच. काशीच्या कोतवालाचा, काळभैरवाचा गंडा आहे. चाक काढून ठेवलं होतं, तेव्हा गाडीच्या मानेला बांधला."

"मान नाही ती. कडं तिथंच सरकतं." प्रल्हाद कुणालकडं वळला. "आणि तू? ओढून का नाही पाहिलंस?"

कुणालनं मान खाली घातली. "ओढणारच होतो काका. पण दत्तूकाका बोले, पूजा हो गयी, आता हलवायचं नाही."

स्थापना झालेली मूर्ती हलवत नाहीत, हे प्रल्हादलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो जास्तच पेटला.

"देव बसवला होतास का तिथं? अरे, ते चाक आहे. हलणं हाच त्याचा धर्म. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. माझ्या नावानं सगळ्या घाटावर शिमगा चाललाय. बांधायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारायलाच फोन केला होता," दत्तात्रेय शांतपणे म्हणाला. "दोनदा. गाडी ज्यानं घडवली, पहिला नारळ त्याच्या हाती द्यायचा होता. तू उचलला नाहीस."

प्रल्हादला आठवलं. स्क्रीनवर दादाचं नाव बघून, आता पुन्हा कुळाचारावर ऐकून घ्यावं लागणार, या रागानं त्यानं फोन पालथा घातला होता.

दत्तात्रेय वहिनींकडं वळला आणि रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "चूक माझी आहे. प्रल्हादचं काम पक्कं होतं." मग त्यानं झोळीतून नवा गंडा काढला आणि भावापुढं धरला. "कुठं बांधायचा, तू सांग."

प्रल्हादनं तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. तोंडानं पुटपुटणं चालूच होतं. आतल्या आरशाच्या दांडीला त्यानं गंडा बांधला, वडिलांची दुहेरी गाठ मारली. आणि मग दोन्ही हातांनी ओढून पाहिली.