न कापलेला पाणीमहाल

सुरी माझ्या केकपाशी आली आणि थांबली.

"किती सुरेख गं! मोडवतच नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. उस्मानाबादहून आलेल्या, मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी सुरी पुसली आणि पुढं गेल्या. मी वेडी, खूश झाले. पुढच्या केकवर लोण्याचा गुलाब होता. तो मात्र त्यांनी सर्रकन कापला. तुकडा तोंडात टाकून "छान" म्हणाल्या. त्याच्या पुढचाही कापला. सगळे कापले. माझा सोडून.

नळदुर्गच्या शाळेत महिला मंडळानं केकची स्पर्धा ठेवली होती. केक हा शब्दच गावात नवा. मी आमच्या किल्ल्यातला, बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल केला होता. नानकटाईचे तुकडे रचून बंधारा. लोण्यात पिठीसाखर फेटून, कागदाच्या पुडीतून सोडलेले दोन धबधबे, नर आणि मादी. अंडं घातलं नव्हतं. बायका खाणार नाहीत म्हणून दह्यावर फुगवला होता. एवढी त्यांची काळजी मला! बक्षीस गेलं चुलीत. त्या बायकांनी माझ्या हातचा एक घास खावा, एवढंच मला हवं होतं.

आम्ही नानबाई, पाव भाजणारे. गावात भट्टी आमचीच. दिवाळी आली की बायका रवा, तूप, साखर मळून ताटं पाठवायच्या आणि नानकटाई आमच्याकडून भाजून न्यायच्या. सोबत घरचं माणूस यायचं. तेच ताट मांडायचं, तेच उचलायचं. अब्बांनी फक्त लांब दांड्याच्या फळीनं ताट आत सारायचं आणि बाहेर ओढायचं. हात लावायचा नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशीही तसंच झालं. त्या टेबलावरचा प्रत्येक केक आमच्याच भट्टीत भाजलेला होता.

मंडळाच्या सेक्रेटरीबाई शिपायाला हळूच म्हणाल्या, "तो किल्ला जरा लांब ठेव रे. बाकीच्यांना लागायला नको."

तेव्हा कळलं. कानशिलं तापली.

"बाई, सगळेच केक आमच्या भट्टीत भाजलेत," मी म्हणाले. माझा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सेक्रेटरीबाई हसल्या. लेकराला समजावतात तशा. "विस्तवाला विटाळ नसतो गं. हाताला असतो."

परीक्षक बाई चहा पीत राहिल्या.

अब्बा दाराबाहेर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी लहान होते. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं त्यानंतर उघडलीच नाहीत. तेव्हापासून अब्बा रस्त्यानं जाताना खोकायचेसुद्धा हळू.

"चुप, बेटी," ते म्हणाले. "माफी माँग ले. अपने को इधरीच रहना है."

मी माफी मागितली नाही. केक उचलला आणि घरी आणला. घरात तो कुणालाच खाववेना. सकाळी बघते तर दोन्ही धबधब्यांवरून मुंग्या उतरत होत्या.

ती सुरी अजून येते. झोपेत येते, पीठ मळताना येते. येते आणि थांबते.

दिवाळीला सेक्रेटरीबाईंच्या घरची मोलकरीण ताट घेऊन आली. मी भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले. आमची एक नानकटाई कागदावर ठेवून तिच्यापुढं केली.

"मावशी, ही तुमच्या बाईंना द्या. त्यांनी आधी ही खायची. मग ताट आत जाईल."

"आगं पोरी, आसं म्या कसं सांगू? लई बोलतील मला."

"तुम्ही नका सांगू. त्यांनाच पाठवा."

ताट परत गेलं. पाठोपाठ तीच अट ऐकून आणखी कितीतरी ताटं परत गेली. त्या दिवाळीत भट्टीत फक्त हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांसाठीचे पाव भाजले. अब्बा भिंतीकडं तोंड करून बसले होते. "भूके मरेंगे," एवढंच म्हणाले. मला भीती वाटत होती. पण फळी मी सोडली नाही, आणि अब्बांनीही ती माझ्या हातातून काढून घेतली नाही.

आता अब्बा नाहीत. फळी माझ्याकडं आहे, आणि अट तीच आहे. ज्याला माझ्या हातचा घास चालत नाही, त्याचं ताट माझ्या विस्तवावर जाणार नाही. भट्टी विझली तरी बेहत्तर.