नानांच्या पायाचं माप

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. साखरेच्या आजारानं त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली होती. चटका बसला तरी कळायचा नाही, थंडी मात्र वाजायची. धुळ्याचा डिसेंबर असा की दुपारीही उन्हाची जागा सोडवत नाही. विकतच्या मोज्यांच्या इलॅस्टिकनं त्यांच्या पायांवर वळ उठायचे. डॉक्टर म्हणाले, घट्ट काही नको, आत शिवणही नको.

मी जळगावात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला. जे येत नाही ते पुस्तकातून शिकायचं, ही माझी जुनी खोड. विणकामाचं एक पुस्तक घरी आणलं. मोजा चार सुयांवर गोल विणला की शिवण येत नाही, हे त्यात सापडलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको नानांजवळ राहायचे. भावजयीकडे मी पावलाचं माप मागितलं. तिनं वर्तमानपत्रावर नानांचं पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद पाठवून दिला. माप संध्याकाळी घेतलेलं होतं, आणि संध्याकाळी त्यांचे पाय सुजायचे. मी वेळ विचारली नाही. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

राखाडी लोकर दुहेरी घेतली. टाच वळवताना टाके चुकायचे, तीनदा उसवली. पाऊण महिन्यानं जोड तयार झाला. रविवारी सकाळच्या बसनं मी धुळ्याला गेले आणि स्वतःच्या हातानं नानांच्या पायांत मोजे चढवले. बोटांपुढे दोन बोटं मोजा रिकामा राहिला.

"ढिला शेतस," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे ढिले आहेत.

"द्या, परत विणून आणते."

त्यांनी पाय गोधडीखाली ओढून घेतले आणि भिंतीकडे पाहू लागले. नापसंती दाखवायची त्यांची हीच रीत, असं मी धरलं. मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले तेव्हा ते म्हणाले होते, अक्षर सुधार. त्यांच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून मी आयुष्यभर काहीबाही करत आले, आणि त्या वयातही, केस पिकल्यावरही, मोजे विणत होते. परतीच्या बसमध्ये ठरवलं, नवा जोड बरोबर मापाचा करायचा. पण ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद सुरू झाली आणि सुया पिशवीतच राहिल्या.

बारा दिवसांनी भावाचा फोन आला. नाना बाहेरच्या खोलीत घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण ते अंथरुणातून उठले नाहीत. होळीच्या आधी गेले.

दहाव्याचं आटोपून घरी आलो तेव्हा भाऊ कुणाकडेही न बघता म्हणाला, "लोकर फरशीवर सरकणारच."

त्याच वर्षी त्यानं घरभर नवी चकचकीत फरशी बसवली होती. तीत तोंड दिसायचं. मी म्हटलं, "म्हातारं माणूस असलेल्या घरात आरसे कोण अंथरतं?"

"तुला फरशीतलं काय कळतं?"

"तुला मोज्यांतलं कळतं तेवढं."

नानांबद्दल आमचं झालेलं शेवटचं मोठं बोलणं ते. पुढे त्यानं फरशीवर जाड सतरंज्या टाकल्या. मी ती कबुलीच मानली. धुळ्याला गेले की भावजयीला एकटं गाठून विचारायचे: फरशी पुसलेली होती का, ओली होती का, कुणी साबण सांडला होता का? ती दर वेळी म्हणायची, कोरडी होती. मला ते पटायचं नाही.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. मी पुन्हा तेच विचारलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"अक्का, त्या दिवशी शेजारचे आबा दारात आले होते. नाना खाटेवरून उठले. मी चप्पल पुढे केली, तर म्हणे, 'चप्पल घालसू त मोजा कोणले दिसतीन?' तसेच निघाले. रोज तेच चालायचं त्यांचं. दूधवाल्याला दाखवले, नळ दुरुस्त करायला आलेल्याला दाखवले. त्या दिवशी आबांना लांबूनच म्हणाले, 'मन्ही आंडेरनी इनेल शेतस.' आणि पाय उचलून दाखवायला गेले."

आंडेर म्हणजे लेक; माझ्या लेकीनं विणलेत, असं. नानांनी माझा उल्लेख असा केल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून, वर्षभर उशिरा.

तिनं ठेवलेली जुडी उचलून मी पानं तोडू लागले. मग विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी फरशीचंच विचारायच्या."