खांद्याला लागेल एवढी

गंगेकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गलीत मला सगळे गणितवाली मॅडम म्हणतात. आईच्या लेखी मात्र मी फूटपट्टी. हे मी चिडून म्हणतेय, आणि चिडायचा मला हक्क आहे. मी आठ वर्षांची असल्यापासून दर कार्तिक पौर्णिमेला आई मला घाटावर नेते, कुणा नावाड्याला, फुलवाल्याला, बंदोबस्तावरच्या शिपायाला थांबवते आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून सांगते, "इतनी ऊँची होगी. इसके कंधे तक."

ती म्हणजे माझी धाकटी बहीण. तेव्हा चार वर्षांची होती. बाबा आम्हा दोघींना दिवे सोडायला घेऊन गेले होते. काडी ओढायला त्यांनी तिचा हात सोडला, दिवा लावला, वळून बघतात तर ती नाही. भोंग्यावरून पुकारा झाला, पाणबुडे उतरले, पोलीस झाले. शिपायानं आईला विचारलं, कितनी बड़ी थी? आईला सेंटीमीटर कुठले ठाऊक? मी शेजारी रडत उभी होते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी ते माप अगदी बरोबर होतं.

नदीनं काही परत दिलं नाही, गर्दीनंही नाही. गंगेनं नेली असती तर गंगेनंच आणून टाकली असती, असं आई म्हणाली, आणि तिच्यापुरता तो विषय मिटला. मुलगी आहे. गर्दीत आहे. शोधली की सापडेल.

मी वाढले. आईचा हात खांद्यावरच राहिला. दिवाळीला मला फ्रॉक शिवला की तसाच एक थोडा लहान शिवायचा, मला सलवार-कमीज तर तिलाही, माझ्या खांद्याच्या मापाची. मग एका वर्षापासून आम्हा दोघींना साड्या आल्या. साडीला माप नसतं, मला सुटल्यासारखं झालं. पण खांदा काही सुटला नाही. मी पर्स कायम उजवीकडे अडकवते. ई-रिक्षात बसले की डावीकडे थोडी जागा सोडते. शाळेच्या ग्रुप फोटोत मी आधी माझा चेहरा नाही बघत, डावा खांदा बघते. संध्याकाळी गलीतून येताना कुणाची म्हैस मागून घासून गेली तरी दचकून आधी डावीकडे बघते, आणि मग मलाच माझा राग येतो.

गेल्या वर्षी आई पायऱ्यांवरून घसरली. हाड मोडलं नाही, नशीब म्हणायचं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, गुडघे कामातून गेलेत. डॉक्टरांनी बजावलं, घाट बंद. आई म्हणाली, "मी थकले म्हणून ती सापडायची थांबणार आहे का?" मी हात टेकले.

मला एवढंच हवं होतं, की आईनं एकदा तिच्या नावानं दिवा चढवावा. कार्तिकात आमच्याकडे उंच बांबूच्या टोकाला टोपलीत दिवा ठेवून वर चढवतात, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. बाबा गेल्यापासून त्यांच्यासाठी आम्ही चढवतो. तिच्यासाठी चढवू या, असं नुसतं म्हटलं तरी आई उठून आत जाते. पण तो दिवा एकदा चढला असता तर हा शोध संपला असता. आई पायऱ्यांवरून पडून मरायची नाही, आणि मीही मोकळी. होय, माझाही स्वार्थ होता त्यात.

यंदा पौर्णिमेच्या आधी दहावीच्या मुलींना समरूप त्रिकोण शिकवत होते. खिडक्या लावून घेतल्या, छताच्या बल्बखाली टेबल ओढलं आणि पुठ्ठ्याचा त्रिकोण मधे धरला. पुठ्ठा बल्बजवळ नेला की टेबलावरची सावली फुगते, टेबलाकडे आणला की आवरते. पण कोन तेच, बाजूंचं एकमेकींशी प्रमाण तेच. सावली कितीही पसरली तरी तिची चण मूळ त्रिकोणाचीच. हा धडा मला आवडतो. मुलीही गप्प होतात, नाहीतर आमच्या शाळेत कावळे बरे.

मग फळ्यावर गणित घातलं. तोंडाला येईल ते घातलं, विचार केला नाही. दोन बहिणी. मोठी सव्वाशे सेंटीमीटर, तेव्हा धाकटी शंभर. मोठी आता एकशे साठ झाली. धाकटी किती?

मुलींनी प्रमाण मांडलं. एकशे अठ्ठावीस, पटकन उत्तर आलं. मी बरोबरची खूण करणार तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हसायला लागली.

"मॅडम, सवाल ग़लत है."

"क्यों ग़लत है?"

"मेरी छोटी बहन पहले मेरे कंधे तक थी. अब मुझसे लंबी है. लोग परछाईं थोड़े ही हैं मॅडम, कि साथ-साथ बढ़ें."

वर्ग हसला. मीही हसले, शिक्षिकेला हसावं लागतं. खडू ठेवला आणि खुर्चीवर बसले. एकशे अठ्ठावीस. चाळिशीच्या घरातली बाई, आणि एकशे अठ्ठावीस. इतकी वर्षं माझ्या डाव्या बाजूला जी उभी होती ती कुणी बाई नव्हतीच. ती माझ्यासोबत फुगत गेलेली चार वर्षांची पोर होती, तेच गाल, तेच आखूड हात, नुसती ताणून मोठी केलेली. अशी मुलगी जगात कुठंच नसणार. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? आणि भीतीच्या मागोमाग आनंदही झाला. आता आईला सांगायला माझ्याकडे पुरावा होता.

संध्याकाळी आई वाती वळत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, वर्गात समजावते तसं, सावकाश. "आई, माणसं अशी वाढत नाहीत गं. धाकटी मोठीला गाठते, कधी पुढेही जाते. तुझ्या माहेरी सगळ्या ताडमाड. ती असती तर माझ्या खांद्याला लागली नसती. माझ्याइतकी असती, कदाचित माझ्याहून उंच. तू जिला शोधतेस ना, तशी कुणी नाहीच. यंदा तिच्यासाठी दिवा चढवू."

आईच्या हातातली वात तशीच राहिली. तिनं माझ्या खांद्याकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेणार होते, तशी तयारी करूनच बसले होते.

"तुझ्याहून उंच?" ती म्हणाली.

"असती तर."

"म्हणजे इतकी वर्षं मी खालीच बघत होते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आई दर पौर्णिमेला घाटावर बसायची ती नजर खाली ठेवून. बायकांच्या खांद्यांशी, कोपरांशी, दोन माणसांच्या मधल्या फटीत ती शोधायची. चेहरे तिनं कधी बघितलेच नव्हते.

"माझ्या समोरून गेली असेल," आई म्हणाली. "माझ्या डोक्यावरून बघत निघून गेली असेल. तिला तरी म्हातारी कशी ओळखू येणार?"

"आई, मी तसं म्हणत नव्हते."

"तू बरोबर बोललीस. तू शिकलेली." तिनं वात पुरी केली. "आता तुला यायला नको. तुझ्या खांद्याचं काम संपलं."

सुटका झाली, अशी झाली. पौर्णिमेला आई काठी घेऊन एकटीच निघाली. एकटीला कसं सोडणार? गेले मागोमाग. जवळच्या बालाजी घाटाच्या वरच्या पायरीवर ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसायलाच तयार नाही. बसलं की चेहरे दिसत नाहीत म्हणाली. खाली दिवेच दिवे, बांबूवरही दिवे, त्यात बाबांचाही, आणि पायऱ्यांवरून माणसांचा लोंढा. एका शिपायाला तिनं थांबवलं. माझ्याकडे वळून हात उचलला, आणि तो खांद्यावर आलाच नाही. आई टाचा उंचावून माझ्या डोक्याच्या वर हात धरायला बघत होती. मी तिला कमरेला धरलं, नाहीतर पडली असती.

"इससे ऊँची," ती शिपायाला सांगत होती.

शिपाई मान हलवून पुढे गेला. आई पुन्हा भिंतीला टेकली आणि अधू डोळ्यांनी येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायला लागली. डाव्या बाजूला मला काही जाणवत नव्हतं. तिथं आता कुणी नव्हतं. घरी चल म्हणायला मी तोंड उघडलं, आणि आई बघत होती तिकडे सहज वर बघितलं. त्या गर्दीत उंच बायका किती असतात, हे मला पहिल्यांदाच दिसलं.